प्रश्न तुमचे : उणेपणाची भावना कोणत्या दिशेला वळते?

मागील अंकात व्यक्तिमत्त्वाच्या जडणघडणीविषयी लिहिताना ऑस्ट्रियातील मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड ॲडलर यांचा ओझरता उल्लेख झाला होता. त्यावर अपेक्षेपेक्षा बरीच जास्त पत्रे आली, आणि त्यांतली बहुतेक एका शब्दाभोवती घोटाळणारी होती: न्यूनगंड. त्यांपैकी सात पत्रे येथे संक्षेपाने देऊन उत्तरे लिहिली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्याच इच्छेनुसार वगळली आहेत.

प्रश्न : माझे शिक्षण चांगले झाले आहे, नोकरीही मनासारखी आहे. तरीही चार जाणकारांच्या बैठकीत बसलो की आपण येथे शोभत नाही असे वाटू लागते आणि तोंडाला कुलूप लागते. मित्र म्हणतात, तुला न्यूनगंड आहे. हा आजार आहे का? तो पूर्णपणे जातो का?

उत्तर : आधी शब्दाकडे पाहू, कारण निम्मा घोटाळा शब्दानेच केला आहे. ‘गंड’ म्हणजे गाठ किंवा सूज. ‘गंडमाळ’ या रोगाच्या नावात तोच शब्द आहे. त्यामुळे ‘न्यूनगंड’ म्हटले की मनात कोठेतरी एक गाठ बसली आहे आणि ती कुशल हाताने काढून टाकली की सारे सुरळीत होईल, असे चित्र आपोआप डोळ्यांपुढे येते. ॲडलर यांनी मात्र दोन गोष्टी काळजीपूर्वक वेगळ्या केल्या होत्या. उणेपणाची भावना सर्वांना असते. न्यूनगंड काहींचा होतो.

मूल जन्माला येते तेव्हा ते सर्वस्वी परावलंबी असते. भोवतालची सगळी माणसे त्याच्याहून उंच, बलवान आणि जाणती असतात. दाराची कडी त्याच्या हाताला लागत नाही, मोठ्यांचे बोलणे त्याला उमगत नाही, आणि इतरांना सहज जमणाऱ्या गोष्टी करताना त्याची तारांबळ उडते. आपण उणे आहोत ही जाणीव त्याला कोणी शिकवावी लागत नाही. त्या जाणिवेच्या रेट्यानेच ते टाचा उंचावते, धडपडते, बोलू पाहते, प्रश्न विचारून मोठ्यांना भंडावून सोडते. माणूस असणे म्हणजेच स्वतःत काही उणे असल्याचे जाणवणे, अशा आशयाचे विधान ॲडलर यांनी उत्तरायुष्यात केले आहे, आणि त्यात तक्रारीचा सूर नाही.

या विचाराची सुरुवात मनापासून झाली नाही, शरीरापासून झाली, हे पुष्कळांना ठाऊक नसते. ॲडलर यांनी १८९५ साली व्हिएन्ना विद्यापीठातून वैद्यकीची पदवी घेतली. आरंभी त्यांनी नेत्रचिकित्सा केली आणि पुढे सर्वसाधारण रुग्ण पाहिले. एक मूत्रपिंड निकामी झाले की दुसरे आकाराने वाढून त्याचेही काम उचलते, हृदयाची झडप सदोष असली की हृदयाचा स्नायू जाड होतो, हे वैद्याच्या नित्य परिचयाचे असते. शरीराची ही भरपाई मनाच्या पातळीवरही चालते, असा विचार अवयवांच्या दुर्बलतेवरील त्यांच्या १९०७ सालच्या पुस्तकातून पुढे आला. अडखळत बोलणारा डेमॉस्थेनिस ग्रीसमधला थोर वक्ता झाला, हे त्याचे नेहमी दिले जाणारे उदाहरण. खुद्द ॲडलर यांचे बालपणही उदाहरण म्हणून पुरेसे होते. मुडदुसामुळे ते उशिरा चालू लागले. धाकटा भाऊ शेजारच्या बिछान्यात दगावला तेव्हा ते जेमतेम चार वर्षांचे होते. आणि त्यानंतर थोड्याच काळात न्यूमोनियाने ते स्वतः मरणाच्या दारातून परत आले. डॉक्टर व्हायचे, हे आपण त्याच वयात ठरवले असे ते सांगत असत.

मग न्यूनगंड कशाला म्हणायचे? समोरच्या प्रश्नाला भिडणे आपल्याला शक्य नाही, असे माणूस स्वतःला पटवतो, इतरांनाही दाखवतो आणि त्या आधारावर मागे सरतो, तेव्हा भावनेचा गंड झालेला असतो. तुमच्या पत्रातील ‘तोंडाला कुलूप लागते’ हे शब्द घ्या. कुलूप कोणी लावले, या प्रश्नापाशी ॲडलर फार काळ थांबले नसते. कुलपामुळे तुमचे काय वाचते, हे त्यांनी विचारले असते. न बोलणारा माणूस चुकत नाही. त्याचे मत कोणी खोडून काढत नाही, आणि ‘मी बोललो असतो तर’ ही सुखद शक्यता शाबूत राहते. हा हिशेब तुम्ही जाणूनबुजून मांडता असे मुळीच म्हणायचे नाही. तो न कळत मांडला जातो, म्हणूनच तर तो इतकी वर्षे टिकतो.

आजार म्हणण्याजोगी ही अवस्था नाही. झोप, भूक आणि रोजचे काम यांवर परिणाम होऊ लागला असेल तर मात्र स्तंभलेखकाला पत्र लिहिण्यात वेळ न घालवता मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. एरवी, आत्मविश्वास वाढवण्याचे जे सल्ले सर्वत्र मिळतात त्यांच्याविषयी मला फारसे प्रेम नाही, कारण ते माणसाचे लक्ष त्याच्या स्वतःवरच खिळवून ठेवतात, आणि तुमची अडचण नेमकी तीच आहे. बैठकीत विषय एकीकडे चाललेला असतो आणि तुम्ही मनातल्या मनात स्वतःची उंची मोजत बसलेले असता. पुढच्या वेळी ‘मी कसा दिसेन’ हा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवून ‘या कामाला माझ्याकडून काय लागेल’ एवढेच पाहा. एखादा राहून गेलेला तपशील, एखादी शंका, इतरांनाही न समजलेल्या मुद्द्याचा खुलासा मागणे, एवढे पुरेसे आहे. उणेपणाची भावना पूर्णपणे जाणार नाही. ती असूनही काम होते, हा अनुभव मात्र साचत जाईल.

प्रश्न : माझे थोरले बंधू कोणाचेही बोलणे पुरे होऊ देत नाहीत. प्रत्येक विषयात आपलेच खरे, असा त्यांचा आविर्भाव असतो. आम्ही याला अहंगंड म्हणतो. परंतु एका स्नेह्यांनी सांगितले की हा न्यूनगंडच आहे. दोन विरुद्ध गोष्टी एक कशा असू शकतील?

उत्तर : आपण बुटके आहोत असे वाटणारा माणूस टाचा उंचावून चालतो; त्याच्या चालीकडे पाहणाऱ्याला उंची दिसते, त्याच्या पोटऱ्यांना मात्र ताण कळतो. ॲडलर यांचे म्हणणे साधारण असेच होते. ज्याला स्वतःच्या जागेची खात्री असते त्याला ती क्षणोक्षणी सिद्ध करावी लागत नाही. त्यामुळे अहंगंड ही वेगळी गोष्ट नसून, आत असह्य झालेल्या उणेपणावर चढवलेला मुलामा आहे, असे ते मानत. याची दुसरी बाजू अधिक मजेदार आहे: दुबळेपणानेही सत्ता गाजवता येते. रडून घरातल्या सर्वांना वेठीस धरणाऱ्या माणसाच्या अश्रूंना ॲडलर ‘जलशक्ती’ म्हणत असत.

एवढे सांगून एक सावधगिरीची सूचना करणे भाग आहे. प्रत्येक आग्रही माणूस आतून पोकळ असतो असे नाही. काहींना त्यांच्या चढेलपणाचा केवळ आजवर फायदा झालेला असतो. शिवाय घरातल्या माणसाला ‘तुला न्यूनगंड आहे’ असे सुनावणे हा स्वतःच टाचा उंचावण्याचा एक प्रकार आहे. बंधूंशी वाद जिंकण्याचा नाद सोडून, ज्या गोष्टीत त्यांचा खरोखर उपयोग होतो तेथे त्यांची मदत मागून पाहावी.

प्रश्न : मी मानसशास्त्राची विद्यार्थिनी आहे. आमच्या पाठ्यपुस्तकात ॲडलर यांना ‘फ्रॉइड यांचे बंडखोर शिष्य’ एवढ्या शब्दांत गुंडाळले आहे. दोघांमधला मतभेद नेमका कशावरून झाला?

उत्तर : ‘शिष्य’ या शब्दाचा ॲडलर यांना आयुष्यभर राग होता, आणि तो वाजवी होता. १९०२ साली मनोविश्लेषणाचे, म्हणजे मनात दडपलेल्या गोष्टी बोलण्यातून उलगडण्याच्या पद्धतीचे, प्रवर्तक सिग्मंड फ्रॉइड यांनी आपल्या घरी दर बुधवारी भरणाऱ्या चर्चेसाठी ज्या मोजक्या डॉक्टरांना निमंत्रण पाठवले त्यांत ते होते. ते फ्रॉइड यांच्यापेक्षा चौदा वर्षांनी लहान होते हे खरे, परंतु त्यांनी फ्रॉइड यांच्याकडून स्वतःचे मनोविश्लेषण कधी करून घेतले नाही आणि ते मंडळात आले ते स्वतःचे विचार घेऊन. १९१० मध्ये ते व्हिएन्नाच्या मनोविश्लेषण मंडळाचे अध्यक्ष झाले आणि १९११ मध्ये काही सहकाऱ्यांसह बाहेर पडले. (त्यांच्या थोरल्या भावाचे नावही सिग्मंड होते, आणि धडधाकट, पुढे असणाऱ्या त्या भावाच्या सावलीत वाढल्याची बोच त्यांना कायम राहिली. या योगायोगावर किती भार द्यायचा ते वाचकांनी ठरवावे. मी तो कंसातच ठेवतो.)

मतभेदाचा गाभा असा की फ्रॉइड माणसाच्या वागण्याचे कारण त्याच्या भूतकाळात आणि दडपलेल्या लैंगिक प्रेरणांत शोधत होते, तर माणूस कशाकडे चालला आहे हे कळल्याशिवाय तो का चालला आहे हे कळत नाही, असे ॲडलर यांचे म्हणणे होते. फ्रॉइड विचारत, ‘हे कोठून आले?’ ॲडलर विचारत, ‘हे कशासाठी चालले आहे?’ या वळणावर त्यांना जर्मन तत्त्वज्ञ हान्स फायहिंगर यांच्या १९११ सालच्या ग्रंथाचा मोठा आधार मिळाला. आपण अनेक कल्पना खऱ्या आहेत म्हणून स्वीकारत नाही, त्या खऱ्या असल्यासारखे धरून चालल्याने व्यवहार होतो म्हणून स्वीकारतो, असे फायहिंगर यांचे प्रतिपादन होते. ‘मी सर्वांत पुढे असलो तरच सुरक्षित आहे’ किंवा ‘कोणीतरी माझी काळजी घेतली तरच माझा निभाव लागेल’ अशी एखादी कल्पना मूल चार-पाच वर्षांचे होईपर्यंत मनाशी धरते आणि पुढचे सारे आयुष्य तिच्या रोखाने रचत जाते, असा ॲडलर यांचा सिद्धान्त आहे. त्या रचनेला त्यांनी दिलेल्या नावाचे ‘जीवनशैली’ हे भाषांतर रूढ आहे. आता त्या शब्दाने व्यायाम आणि आहार एवढेच आठवत असल्यामुळे मी ‘जगण्याची रीत’ म्हणणे पसंत करतो.

दुसरा मुद्दा अखंडतेचा. फ्रॉइड यांच्या चित्रात मनाचे भाग एकमेकांशी झगडतात. ॲडलर यांना हे मान्य नव्हते. त्यांनी आपल्या शास्त्राला जे नाव दिले त्याचे मराठी भाषांतर ‘वैयक्तिक मानसशास्त्र’ असे केले जाते आणि त्यामुळे एकट्या व्यक्तीचा विचार करणारे शास्त्र असा नेमका उलटा समज होतो. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ‘ज्याचे तुकडे करता येत नाहीत ते’ असा आहे. माणूस एक म्हणतो आणि दुसरेच वागतो तेव्हा वागण्याकडे पाहावे, कारण तेथे तो अखंड असतो. परीक्षेत हे दोन मुद्दे लिहिलेत तर ‘बंडखोर शिष्य’ न लिहिताही गुण मिळण्यास हरकत नसावी.

प्रश्न : माझ्या दोन मुलांपैकी थोरला जबाबदार आणि धाकटी हट्टी आहे. जन्मक्रमाने स्वभाव ठरतो असे वाचले. मग आईवडिलांच्या हातात काय उरते?

उत्तर : पुष्कळ उरते, कारण जन्मक्रमाने स्वभाव ठरतो हे विधान त्या रूपात टिकलेले नाही. ॲडलर यांनी लिहिले होते की पहिले मूल काही काळ एकट्याचे राज्य भोगते आणि दुसरे आले की पदच्युत होते, त्यामुळे ते नियम आणि अधिकार यांना चिकटून राहू शकते; दुसरे मूल सतत कोणाच्या तरी मागे धावत असल्यासारखे वाढते; शेंडेफळाचे लाड होतात. वाचताना प्रत्येकाला स्वतःच्या घरातले कोणीतरी आठवते, आणि त्यामुळेच हा भाग लोकप्रिय झाला. २०१५ साली या प्रश्नावर दोन मोठे अभ्यास प्रसिद्ध झाले. एकात अमेरिका, ब्रिटन आणि जर्मनी येथील वीस हजारांहून अधिक व्यक्तींची माहिती होती, तर दुसऱ्यात अमेरिकेतील सुमारे ३,७७,००० शालेय विद्यार्थ्यांची. बुद्धिमत्ता-चाचणीतील गुणांत पहिल्या अपत्यांची अगदी किंचित आघाडी दिसली. स्वभावगुणांत मात्र व्यवहारात जाणवेल असा फरक आढळला नाही.

ॲडलर यांच्या बाजूने एवढे सांगितले पाहिजे की त्यांचा भर क्रमांकापेक्षा मूल आपल्या जागेचा कसा अर्थ लावते यावर होता. तुमच्या पत्रात ‘जबाबदार’ आणि ‘हट्टी’ ही दोन विशेषणे इतक्या सहज आली आहेत की ती घरात रोज उच्चारली जात असावीत, अशी शंका येते. एका मुलाने चांगुलपणाची जागा आधीच अडवली आहे असे दुसऱ्याला वाटले, तर ते लक्ष वेधून घेण्यासाठी उरलेली जागा पकडते. विशेषणे काही महिने कपाटात ठेवून पाहा.

प्रश्न : एखादा भित्रा असेल तर न्यूनभावनेमुळे, धीट असेल तर न्यूनभावनेची भरपाई म्हणून. असे असेल तर हा सिद्धान्त कधी चुकूच शकत नाही. जो चुकू शकत नाही त्याला शास्त्र कसे म्हणावे?

उत्तर : आपण ज्या वाटेने गेलात त्याच वाटेने एक तरुण आपल्या आधी गेला होता. पुढे विज्ञानाचे तत्त्वज्ञ म्हणून विख्यात झालेले कार्ल पॉपर १९१९ साली व्हिएन्नातील कामगार वस्त्यांत मुलांसाठी चाललेल्या ॲडलर यांच्या कामात हातभार लावत होते. त्यांनी एकदा एका मुलाची हकिगत ॲडलर यांना सांगितली, जी त्यांना स्वतःला ॲडलर यांच्या सिद्धान्तात बसणारी वाटत नव्हती. ॲडलर यांनी मुलाला पाहिलेही नसताना न्यूनभावनेच्या आधारे तिचा झटपट उलगडा केला. इतकी खात्री कशी, असे विचारल्यावर आपला हजारपट अनुभव असे त्यांनी कारण दिले. त्यावर, आता या नव्या प्रकरणामुळे तो एक हजार एक पट झाला असेल, असे पॉपर उत्तरले. पुढे पॉपर यांनी असेही दाखवले की बुडवण्यासाठी मुलाला पाण्यात ढकलणारा माणूस आणि त्याला वाचवताना प्राण देणारा माणूस, या दोघांचेही स्पष्टीकरण हा सिद्धान्त सारख्याच सहजतेने देतो.

आक्षेप खरा आहे आणि त्याला पूर्ण उत्तर नाही. ॲडलर हे काटेकोर प्रयोग करणारे संशोधक नव्हते; त्यांची पुस्तकेही बहुतांशी व्याख्यानांतून आणि रुग्णांविषयीच्या नोंदींतून तयार झाली आहेत, आणि त्यांत पुनरुक्ती इतकी आहे की वाचक मध्येच पाने उलटू लागतो. माझे मत असे की भौतिकशास्त्राच्या मापाने तोलल्यास हा सिद्धान्त उणा पडतो, परंतु एका विशिष्ट माणसाशी बोलताना कोणते प्रश्न विचारावेत याची दिशा तो चांगली देतो. भित्रेपणाचे आणि धीटपणाचे मूळ एकच असू शकते, हे म्हणणे निरर्थक तेव्हाच ठरते, जेव्हा त्यापुढे आपण काही विचारत नाही. तो धीटपणा कोणाच्या उपयोगी पडतो आणि कोणाला दाबतो, एवढे विचारले की दोन माणसांत फरक दिसू लागतो, आणि तो फरक इतरांनाही तपासता येतो.

प्रश्न : मी एकान्तप्रिय आहे. कामाव्यतिरिक्त फारशी माणसे मला नकोशी वाटतात; वाचन आणि लेखन यांत माझा वेळ चांगला जातो. समाजाशी जोडलेपण हाच मानसिक आरोग्याचा निकष असे ॲडलर म्हणत असतील, तर मी रोगी ठरतो का?

उत्तर : ठरत नाही. ‘समाजभावना’ असे ज्याचे भाषांतर आपण करतो त्या मूळ जर्मन शब्दात दोन कल्पना एकत्र आहेत: समुदाय, आणि त्याविषयीची आतून येणारी जाणीव. मेळाव्यांत रमणे, ओळखी ठेवणे, गप्पांचा फड जमवणे यांचा तिच्याशी फारच थोडा संबंध आहे. दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहता येणे, त्याच्या कानांनी ऐकता येणे आणि त्याच्या हृदयाने जाणता येणे, असे तिचे वर्णन ॲडलर यांनी उद्धृत केले आहे. या कसोटीला सभा गाजवणारा माणूस नापास होऊ शकतो आणि बंद खोलीत बसून शब्दकोशाच्या नोंदी तपासणारा उत्तीर्ण होऊ शकतो, कारण नोंदी तपासणाऱ्याच्या मनात कोणा अपरिचित वाचकाची अडचण वावरत असते.

ही कल्पना ॲडलर यांच्या विचारात ठळक झाली ती पहिल्या महायुद्धानंतर. युद्धात त्यांनी लष्करी डॉक्टर म्हणून काम केले होते. तोवर त्यांच्या लेखनात माणसाची श्रेष्ठत्वाकडे जाण्याची धडपड केंद्रस्थानी होती. युद्धाने त्या धडपडीचे उघडे रूप दाखवले आणि ती कोणत्या दिशेला वळते हा प्रश्न तातडीचा झाला. दुर्बलतेच्या जाणिवेतून निघालेली शक्ती इतरांवर मात करण्याकडे वळली की एक आयुष्य घडते आणि इतरांच्या उपयोगी पडण्याकडे वळली की दुसरे. माझ्या दृष्टीने त्यांच्या साऱ्या लेखनातले टिकाऊ ते एवढेच आहे, आणि न्यूनगंडाविषयी बोलताना नेमके तेच गाळले जाते. म्हणूनच त्यांनी दवाखान्याबाहेरचे काम हाती घेतले. १९२० च्या दशकात व्हिएन्नात त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शाळांशी जोडलेली बालमार्गदर्शन केंद्रे उभारली, तेथे शिक्षकांच्या समोर पालकांशी आणि मुलांशी बोलणे होई, म्हणजे एका घरची अडचण अनेकांच्या शिकण्याला उपयोगी पडे. १९३४ मध्ये ऑस्ट्रियात हुकूमशाही आली आणि ही केंद्रे बंद झाली.

येथे एक गैरसमज होऊ शकतो. समाजाला जोडून राहणे म्हणजे बहुसंख्यांच्या मागे जाणे, असा त्याचा अर्थ घेतला तर युद्धाच्या बाजूने घोषणा देणारा जमाव सर्वांत निरोगी ठरेल. ॲडलर यांच्या मनात कोणताही प्रत्यक्ष जमाव नव्हता, तर सर्व मानवांचा एक कल्पित, अधिक चांगला समुदाय होता. ही कल्पना धूसर आहे असे म्हणणाऱ्यांशी माझे फारसे भांडण नाही.

तुमच्यापुरते पाहायचे झाल्यास, काम, मैत्री आणि प्रेम ही जी तीन कार्ये आयुष्य प्रत्येकापुढे ठेवते असे ॲडलर म्हणत, त्यांच्याकडे एकेक करून पाहा. तीनही सारखी भरभरून असली पाहिजेत असे नाही. एकान्त तुम्ही काही करण्यासाठी घेता की काही टाळण्यासाठी, याचे उत्तर तुमच्याशिवाय कोणी देऊ शकणार नाही. वाचून उठल्यावर एखाद्याला काही सांगावेसे वाटत असेल, तर काळजीचे कारण दिसत नाही.

प्रश्न : ॲडलर यांच्या पद्धतीत लहानपणची पहिली आठवण विचारतात असे वाचले. माझी अशी आठवण आहे की गर्दीत आईचा हात सुटला आणि मी एका अनोळखी बाईंचा हात धरून शांतपणे उभी राहिले. आई म्हणते, असे कधी घडलेच नाही. मग या आठवणीला काही किंमत आहे का?

उत्तर : आहे. या पद्धतीचे समुपदेशक दोन गोष्टी हमखास विचारतात. एक म्हणजे, ‘तुमची तक्रार या क्षणी नाहीशी झाली तर तुम्ही काय कराल?’ ‘मी परीक्षेला बसेन’ असे उत्तर आले, तर तक्रार कोणत्या कामापासून संरक्षण करीत आहे याचा अंदाज येतो. दुसरी गोष्ट पहिल्या आठवणींची. लहानपणी हजारो प्रसंग घडतात. त्यांतले मोजके मन जवळ ठेवते, आणि ते ठेवते आजच्या उपयोगासाठी, असे ॲडलर मानत. त्यामुळे आठवण जशीच्या तशी खरी असण्याची गरज नसते. तुमच्या आठवणीत हात सुटला यापेक्षा दुसरा हात सापडला याला अधिक जागा आहे, आणि तुम्ही रडत नाही. एकाच आठवणीवरून निष्कर्ष काढू नये. आणखी चार-पाच लिहून त्यांत काही समान धागा दिसतो का ते पाहावे.

खऱ्याखोट्याविषयी ॲडलर यांचाच अनुभव सांगतो. पाचव्या वर्षाच्या सुमारास शाळेच्या वाटेवर एक दफनभूमी लागत असे, अशी त्यांची आठवण होती. इतर मुले बिनधास्त पुढे जात आणि ते मात्र भीतीने गारठत. एक दिवस त्यांनी दप्तर खाली ठेवले आणि भीती मोडेपर्यंत ते त्या जागेतून दहा-बारा वेळा धावत आरपार गेले. पस्तिशीत त्यांना एक जुना वर्गमित्र भेटला तेव्हा त्यांनी त्या दफनभूमीचे पुढे काय झाले, असे विचारले. तेथे दफनभूमी कधीच नव्हती, असे तो म्हणाला. त्यांनी इतरांकडे चौकशी केली, तेव्हाही तेच उत्तर आले. ॲडलर यांनी आठवण खोटी म्हणून टाकून दिली नाही. भीतीवर मात करण्याची त्या मुलाची आस इतकी तीव्र होती की तिने स्वतःला लागणारी दफनभूमी रचून घेतली, असा अर्थ त्यांनी लावला आणि ही हकिगत ते पुढे स्वतःच सांगत राहिले.

तुमच्या आईंचे म्हणणे बरोबर असेल. त्या अनोळखी बाईंचा हात तुम्ही इतकी वर्षे का धरून ठेवला आहे, हे मात्र त्यांना विचारून कळणार नाही.